विशेष गरजा असलेले मूल आणि नवे शिक्षक : पालकांनी काय तयारी करून द्यावी?

'शाळेत नव्या बाई आल्यात. त्यांना आमच्या मुलाचं काहीच माहीत नाही.' जून-जुलैमध्ये दवाखान्यात हे वाक्य हमखास ऐकू येते. मुलाचा आजार तोच असतो, औषधेही तीच असतात. पण आधीच्या बाईंना दोन वर्षांत जे कळले होते, ते त्यांच्या बदलीबरोबर निघून जाते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

आठ वर्षांच्या एका मुलीचे उदाहरण पाहा. तिच्या वहीत नव्या शिक्षिकेचा शेरा होता, 'वर्गात लक्ष नसते, हाक मारली तरी दुर्लक्ष करते.' तिला दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते. आईने शाळेत जाऊन नीट विचारले तेव्हा कळले, की मुलगी बोलता बोलता थांबते, दहा-पंधरा सेकंद एकटक पाहत राहते आणि मग काही झालेच नाही अशी पुढे बोलू लागते. हे दुर्लक्ष नव्हते, एक प्रकारची फिट होती. तपासणी झाली, औषध सुरू झाले. शिक्षिका वाईट नव्हती. तिने अशी फिट कधी पाहिली नव्हती, एवढेच.

या लेखाचा मुद्दा हाच आहे. शिक्षकाला 'विशेष मुले' हा विषय महाविद्यालयात थोडाफार शिकवलेला असतो, पण तुमचे मूल शिकवलेले नसते. ते तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी मिळून शिकवायचे असते.

शिक्षकांना किती प्रशिक्षण असते?

शाळेत साधारण दोन प्रकारचे शिक्षक भेटतात.

नेहमीचे वर्गशिक्षक : यांनी डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) किंवा बी.एड. केलेले असते. या अभ्यासक्रमांत समावेशित शिक्षण हा भाग असतो. समावेशित म्हणजे सर्व मुलांना एकाच वर्गात घेऊन शिकवणे. मात्र बहुतेकांचा अनुभव पुस्तकी असतो. महाराष्ट्रात नवे शिक्षक सुरुवातीची काही वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून काम करतात. मोठा वर्ग, परिपाठ, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे ते एकदमच शिकत असतात.

विशेष शिक्षक : यांनी विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. केलेले असते. त्यांच्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते आणि त्यांची नोंदणीही तेथे होते. हे प्रशिक्षण एखाद्या गटापुरते असते, उदा. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता. त्यामुळे कर्णबधिर मुलांना उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकाला स्वमग्न मुलाचा अनुभव असेलच असे नाही. 'तुमचे प्रशिक्षण कोणत्या विषयातले?' असे विचारण्यात काही गैर नाही.

सरकारी व अनुदानित शाळांसाठी समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक मिळतात. पण बहुतेक ठिकाणी एका शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्रमाण ठरवून दिले. त्यानुसार प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. प्रत्यक्षात रोजचे पाच-सहा तास मूल वर्गशिक्षकाजवळच असते. म्हणून वर्गशिक्षकाची तयारी जास्त महत्त्वाची.

पहिली भेट कधी आणि कशी घ्यावी?

- शाळा सुरू होण्याआधी किंवा पहिल्या आठवड्यात भेटा. तक्रार घेऊन झालेली पहिली भेट पुढे जड जाते.
- फाटकावर किंवा शाळा सुटताना उभ्या उभ्या बोलू नका. मुख्याध्यापकांमार्फत वीस मिनिटांची वेळ मागा.
- शक्य असल्यास आई व वडील दोघेही जा. मुलाला आजी सांभाळत असेल तर तिलाही न्या. मूल कशाने शांत होते हे पुष्कळदा तिलाच जास्त ठाऊक असते.
- जाड फाइल पुढे ठेवू नका. एमआरआय आणि ईईजीचे कागद शिक्षकांच्या उपयोगाचे नाहीत.
- सुरुवात मुलाला काय येते येथून करा. 'याला गाणी पाठ आहेत, बेरीज येते, पण लिहायला वेळ लागतो' असे सांगितले की शिक्षकाला कोठून सुरुवात करायची ते कळते.

आजार लपवावा का? अनेक पालक 'मुलाला वेगळे काढतील' या भीतीने काहीच सांगत नाहीत. ही भीती खोटी नाही. पण फिट, दम्याचे औषध, गिळण्याचा त्रास, पळून जाण्याची सवय यांतले काहीही लपवणे धोक्याचे आहे. बाकी किती सांगायचे ते तुम्ही ठरवा. 'ही माहिती वर्गात सर्वांसमोर बोलू नका' असेही स्पष्ट सांगा.

एका पानाची माहिती : सर्वांत उपयोगी साधन

एकच पान लिहा. साध्या मराठीत किंवा शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लिहा. एक प्रत वर्गशिक्षकाकडे, एक मुख्याध्यापकांकडे आणि एक मुलाच्या दप्तरात ठेवा. शिक्षक रजेवर असतील तर बदली शिक्षकालाही ती उपयोगी पडते. पानावर हे सात मुद्दे असावेत :

१. ओळख : नाव, इयत्ता, घरी हाक मारायचे नाव, पालकांचे दोन फोन नंबर.

२. आजार एका ओळीत : 'स्वमग्नता आहे. बोलणे कमी आहे, पण बोललेले बहुतेक समजते.'

३. काय येते, काय आवडते : 'चित्र पाहून शब्द ओळखतो. रेल्वेगाड्या आवडतात.'

४. कशाने त्रास होतो : 'स्पीकरचा मोठा आवाज, गर्दीची रांग, अचानक बदललेले वेळापत्रक.'

५. त्रास झाला तर काय करावे : 'जवळ बसा, कमी बोला, पाच मिनिटे शांत कोपऱ्यात बसू द्या. हात धरून ओढू नका.'

६. कसे सांगते : 'शू लागली की चड्डीला हात लावतो. नको असेल तर तोंड फिरवतो.'

७. औषधे व धोक्याची खूण : कोणते औषध, किती वाजता, केव्हा डॉक्टरांना किंवा १०८ ला फोन करायचा.

सातवा मुद्दा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्यावर त्यांची सही व तारीख घ्या. औषध किंवा त्याचा डोस बदलला की कागदही बदला. जुना कागद शाळेत राहणे धोक्याचे असते.

आजारानुसार शिक्षकाला काय सांगावे?

स्वमग्नता (ऑटिझम) : दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवला तर मूल शांत राहते. बदल होणार असेल तर आधी सांगावे. वाक्ये छोटी असावीत. डोळ्यांत बघून बोलण्याची सक्ती नको, न बघताही मूल ऐकत असते. परिपाठाच्या वेळी कानांवर हात ठेवत असेल तर स्पीकरपासून लांब उभे करावे.

अतिचंचलता (एडीएचडी) : खिडकी-दारापासून दूर, शिक्षकाजवळची जागा द्यावी. एका वेळी एकच सूचना द्यावी. मधूनमधून फळा पुसणे, वह्या वाटणे अशी उठण्याची कामे द्यावीत. चांगले केले की लगेच शाबासकी द्यावी, महिन्याच्या शेवटी नाही. यासाठीच्या काही औषधांनी दुपारची भूक कमी होते. डबा तसाच परत येत असेल तर शिक्षकांनी तुम्हाला कळवावे.

अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया इ.) : बुद्धी चांगली असते, पण वाचन, लेखन किंवा गणित यांत अडचण येते. अशा मुलाला वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये. तोंडी उत्तर मान्य करावे, फळ्यावरचे उतरवायला जादा वेळ द्यावा. शुद्धलेखनाची एकच चूक वीस वेळा लिहून घेतल्याने ही अडचण सुटत नाही. पक्के निदान साधारण आठ वर्षांनंतर होते, पण मदत त्याआधीच सुरू करता येते. दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत मिळणाऱ्या जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते. ते काम नववीपर्यंत संपवावे.

बौद्धिक अक्षमता आणि डाउन सिंड्रोम : काम लहान पायऱ्यांत शिकवावे. पाहून आणि करून जास्त समजते. डाउन सिंड्रोममध्ये ऐकू कमी येण्याची शक्यता असते, म्हणून पुढे बसवावे. यांपैकी काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात. म्हणून कोलांटउड्या किंवा मानेवर भार येणारे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करून घेऊ नयेत. चालण्यात बदल, मान दुखणे, हातापायांत अशक्तपणा दिसल्यास लगेच कळवावे.

सेरेब्रल पाल्सी : हातापायांवर ताबा कमी असला म्हणून बुद्धी कमी असते असे नाही. पाय जमिनीला किंवा पाटावर टेकतील अशी खुर्ची हवी. खाताना मूल सरळ बसलेले असावे, घास लहान असावेत. पोषण आहाराच्या वेळी घाईत किंवा आडवे ठेवून भरवल्यास अन्न श्वासनळीत जाऊ शकते.

श्रवणदोष : मुलाकडे तोंड करून बोलावे, फळ्याकडे वळून नाही. शिक्षकाचा चेहरा उजेडात असावा. श्रवणयंत्राची जादा बॅटरी शाळेत ठेवावी. यंत्र बंद पडले तर मूल सांगेलच असे नाही, म्हणून रोज सकाळी एकदा मागून हाक मारून पाहावी.

दृष्टिदोष : फळ्यावर लिहिताना शिक्षकाने तेच मोठ्याने वाचावे. अक्षरे मोठी व ठळक असावीत. वर्गातील बाकांची जागा न सांगता बदलू नये.

शाळेत फिट आली तर

विशेष गरजा असलेल्या अनेक मुलांना फिट्सचाही त्रास असतो. नव्या शिक्षकाला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. म्हणून कागद देऊन थांबू नका. पहिल्याच भेटीत घरच्या कोणाला तरी कुशीवर वळवून दाखवा.

करावे :
- वेळ घड्याळात पाहावी.
- आजूबाजूचे बाक, कंपास, पाण्याच्या बाटल्या दूर सारून डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे.
- मुलाला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येते. गळ्याभोवतीचा टाय किंवा बटण सैल करावे.
- इतर मुलांना दुसऱ्या शिक्षकाने बाहेर न्यावे.
- पूर्ण शुद्ध येईपर्यंत जवळ थांबावे. नंतर झोप येते, झोपू द्यावे.

करू नये :
- तोंडात चमचा, बोट किंवा कापड घालू नये.
- कांदा, चप्पल हुंगवू नये. त्याचा काही उपयोग नाही.
- हातपाय दाबून धरू नयेत.
- पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी किंवा औषध तोंडाने देऊ नये.

१०८ ला फोन केव्हा? फिट पाच मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक फिट आली, मध्ये शुद्ध आली नाही, श्वास नीट नाही, डोक्याला मार लागला किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर लगेच. काही मुलांसाठी डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे देतात. तो शाळेत ठेवायचा असेल तर डोस, केव्हा मारायचा आणि कोणी मारायचा हे डॉक्टरांच्या सहीने लिहिलेले हवे. तो कोणत्या कपाटात आहे हे निदान दोन जणांना माहीत हवे, आणि कपाटाची किल्ली कोणाच्या घरी गेलेली नसावी.

अंग न झटकता केवळ काही सेकंद एकटक पाहणे, ओठ चावल्यासारखे करणे, हाक व स्पर्श दोन्हींना प्रतिसाद न देणे हीसुद्धा फिट असू शकते. शिक्षकाने तारीख, वेळ आणि किती सेकंद एवढे लिहून ठेवले तरी डॉक्टरांना मोठी मदत होते.

'हट्टीपणा' समजून घेण्याची पद्धत

मूल ओरडते, चावते, वर्गातून पळते तेव्हा नव्या शिक्षकाला वाटते की घरचे लाड नडले. तुम्हाला वाटते की शिक्षकांना सांभाळता येत नाही. अशा वेळी वाद न घालता आठवडाभर एक वही ठेवायला सांगा. तिच्यात तीनच रकाने हवेत : आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर काय झाले.

समजा, तिन्ही वेळा 'आधी' या रकान्यात 'जेवणाची घंटा' आली, तर त्रास घंटेच्या आवाजाचा किंवा रांगेचा असेल. 'नंतर' या रकान्यात दर वेळी 'घरी पाठवले' असेल, तर ओरडले की घरी जाता येते हे मूल शिकले आहे. पहिल्या वेळी आवाज कमी करायचा, दुसऱ्या वेळी घरी पाठवणे थांबवायचे. उपाय वेगळे आहेत आणि ते वहीशिवाय कळत नाहीत.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून आवर्जून सांगावीशी वाटते. जे मूल बोलू शकत नाही त्याचे वागणे अचानक बिघडले, तर आधी दुखणे शोधा. दात, कान, बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, अपुरी झोप किंवा नवे औषध यांपैकी काहीतरी कारण असू शकते.

शू-शी, कपडे आणि सुरक्षितता

हा विषय बोलायला अवघड वाटतो, म्हणून राहून जातो. मुलाला शौचालयात कोण नेणार, त्या व्यक्तीचे नाव ठरवून घ्या. मुलीसाठी ती स्त्रीच असावी. जेवढी मदत लागते तेवढीच द्यावी. जादा कपडे दप्तरात ठेवा. शाळेतून आल्यावर अंगावर वळ, ओरखडे दिसले किंवा मूल एखाद्या व्यक्तीला घाबरू लागले, तर गप्प बसू नका. शाळेला लेखी विचारा आणि डॉक्टरांना दाखवा.

वर्षभराचा आराखडा

'सुधारणा व्हावी' हे उद्दिष्ट नाही, कारण ते मोजता येत नाही. 'दिवाळीपर्यंत स्वतः डबा उघडून खाईल', 'मार्चपर्यंत दोन अंकी बेरीज करेल' ही उद्दिष्टे आहेत. विशेष शिक्षक, वर्गशिक्षक आणि पालक यांनी मिळून अशी तीन-चार उद्दिष्टे लिहावीत. याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात. दर तीन महिन्यांनी तो पुन्हा पाहावा. स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी चालू असेल, तर थेरपिस्टकडून वर्गात करता येईल असे एखादे काम लिहून आणा. एकच काम आणा. पंधरा व्यायामांची यादी कोणताही वर्गशिक्षक पाळू शकणार नाही.

वर्ष संपताना हा आराखडा आणि एका पानाची माहिती पुढच्या शिक्षकाला देण्याची विनंती करा. जमल्यास जुन्या व नव्या बाईंची दहा मिनिटांची भेट घडवून आणा.

कायदा काय सांगतो?

- दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आहेत.
- शासनमान्य किंवा अनुदानित शाळेला दिव्यांगत्वाच्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्या लागतात. शिक्षकांना प्रशिक्षण देणे ही शासनाची जबाबदारी आहे.
- ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.
- शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे.

शिक्षकांसाठी एनसीईआरटीने 'प्रशस्त' नावाची तपासणी सूची तयार केली आहे. तिच्या आधारे वर्गशिक्षक मुलांतील अडचणी लवकर ओळखू शकतात. मात्र ही चाळणी आहे, निदान नाही. शिक्षकाने 'तपासून घ्या' असे सुचवले तर रागावू नका, जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जा.

नेहमीचे प्रश्न

शिक्षक ऐकूनच घेत नाहीत, काय करू?
आधी एका पानाची माहिती लेखी द्या आणि पोच घ्या. नंतर मुख्याध्यापकांना भेटा. तरीही उपयोग झाला नाही तर गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक आणि गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जा. डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवा.

शाळा म्हणते, 'पालकांनी दिवसभर वर्गात बसावे.' बरोबर आहे का?
पहिले काही दिवस मूल रुळेपर्यंत थांबणे ठीक आहे. पण प्रवेशासाठी ती कायमची अट होऊ शकत नाही. किती दिवस थांबायचे ते तारखेसह ठरवा.

इतर मुलांना सांगावे का?
तुमची संमती असेल तर शिक्षकांनी सोप्या शब्दांत सांगावे, उदा. 'याला मोठा आवाज सहन होत नाही, आपण हळू बोलू.' आजाराचे नाव सांगण्याची गरज नसते. आपल्याला बसू शकतील असे नियम कळले की मुले लवकर सामावून घेतात.

औषध शाळेत द्यावे का?
शक्यतो डोस घरी देता येतील अशा वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तसे जमत नसेल तरच लेखी सूचनेसह शाळेत द्या. औषध शिक्षकाच्या हाती द्या, दप्तरात सुटे ठेवू नका. ते दुसरे एखादे मूल खाऊ शकते.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

नव्या शिक्षकाला वर्गात काही वेगळे दिसले, शिकलेले कौशल्य मूल विसरू लागले, फिट्स वाढल्या, वर्गात पेंग येऊ लागली, मूल शाळेत जायला अचानक नकार देऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. येताना शिक्षकाची चिठ्ठी किंवा ती तीन रकान्यांची वही आणा. आम्ही मुलाला दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटे पाहतो, शिक्षक त्याला रोज पाच तास पाहतात. मुलाला समजून घेतलेल्या शिक्षकाची नोंद डॉक्टरांच्या तपासणीइतकीच मोलाची असते.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या मुलाच्या औषधांत किंवा व्यायामात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.